शंभराच्या आत

मीटर दाराच्या मागे आहे.
दार उघडं असलं की दिसत नाही.
म्हणून मी दार ओढून घेते, पदरानं काच पुसते
आणि कॅलेंडरवर दुधाच्या खुणेखाली लिहिते :
चार हजार दोनशे अकरा.
काल, चार हजार दोनशे आठ.

शंभराच्या आत राहायचं.
एकशेएकावं युनिट वेगळ्या भावानं येतं,
अवेळी टेकलेल्या व्याह्यासारखं,
त्याला नुसत्या चहावर भागत नाही.

सोलापुरात कसली थंडी, म्हणतात लोक.
म्हणू देत. त्यांनी विडी घरकुलात
पौषातली पहाट काढलेली नाही.
पत्रा रात्रभर उघड्यावर निजतो
आणि पाच वाजता सगळा गारठा आमच्यावर झटकतो.
अंबादास रात्रपाळीहून येतो,
भुवयांवर सुताची पांढरी लव,
दारातूनच विचारतो, पाणी तापलं का?

रॉड खुंटीला आहे. दीड हजार वॅटचा.
वीस मिनिटं म्हणजे अर्धं युनिट,
तिघांच्या आंघोळी म्हणजे दीड.
म्हणून तो खुंटीलाच असतो.
आमचा बंब पानाच्या कात्रणावर चालतो :
विडीचं पान कापून उरलेल्या कडा, शिरा, देठ.
कारखाना विड्या मोजून घेतो,
कात्रणाचं त्याला काही नाही.
भरकन पेटतं, भरकन विझतं,
समोर बसून घास भरवल्यासारखं घालावं लागतं.
अनुषाच्या शाळेच्या गणवेशाला म्हणून
विडीचा वास येतो,
न ओढलेल्या विडीचा.

पांघरायला सेकंडच्या चादरी.
एकीवर मोरांची रांग,
त्यात तिसऱ्या मोराला मान नाही.
धागा तुटला तेव्हा अंबादासचा डोळा लागला होता.
चादरीचे पैसे पगारातून गेले, चादर घरी आली.
मानेचे मोर परगावी गेले.

तीन तारखेला रात्री
मेहराजनं भिंतीवर थाप मारली.
तिची वीज मागच्याच महिन्यात तोडलेली,
आणि सिव्हिलमधून आणलेलं बाळ, पावणेदोन किलोचं.
दिवसा छातीशी धरते, म्हणाली,
पण रात्री माझाही डोळा लागतो, अक्का.
सिस्टर म्हणाली, ऊब पाहिजे.

आमच्याकडे सगळे बल्ब नऊ वॅटचे, पांढरे, शहाणे.
उजेड देतात, ऊब देत नाहीत.
त्याच गुणावर तर घेतले होते.
मी पत्र्याच्या पेटीवर चढले.
माळ्यावर जुन्या झंपरात गुंडाळलेला
शंभर वॅटचा पिवळा.
फेकून दे तो खादाड, अंबादास म्हणाला होता.
मी ठेवला. का,
ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

खिडकीतून वायर नेली.
बाळाच्या सुपापासून हातभर उंच टांगला,
कापडाला लागणार नाही असा.
मेहराज मनगट खाली धरून
ऊन पारखत बसायची, दुधाचं पारखतात तसं.

दहा तासांचं एक युनिट.
मी कॅलेंडरवर लिहीत राहिले.
आकडे तिनाऐवजी चाराने चढायला लागले.
मध्ये गड्ड्यासाठी गल्ली रिकामी झाली,
अनुषा मैत्रिणींबरोबर पाळण्यात बसून आली,
आम्ही दोघी पिवळ्या उजेडात पानं कापत बसलो.
अकराव्या रात्री बाळानं पांघरूण लाथेनं उडवलं.
बस आता, अक्का. याला उकडायला लागलंय.

बिल आलं. एकशेतीन.

अंबादासनं दोनदा वाचलं.
पंख्याचे दिवस नाहीत, म्हणाला, मग?
मी सांगितलं.
भिंतीपलीकडे ते रडत होतं, चांगलं खणखणीत.
तो ऐकत उभा राहिला.

पिवळा कुठंय?
माळ्यावर.
राहू दे तिथंच.

मग बिल घडी करून कॅलेंडरमागे खोचलं
आणि दिवसाउजेडी,
मान नसलेला मोर मानेपर्यंत ओढून
झोपला.