मापांची वही

बिबवेवाडीत, जिन्याखालच्या सहा बाय आठात
अठ्ठावीस वर्षं ब्लाउज शिवते मी.
लांबट वह्या साठल्यात अकरा.
नाव, तारीख, छाती, कंबर, मुंढा, बाही.
बायका डॉक्टरला सांगत नाहीत ते
टेपला सांगतात.

दुर्वेबाई म्हणाल्या, हूक पुढे घ्या या वेळी,
उजवा हात मागे जातच नाही.
चार महिने झाले. घरी सांगितलं? छे.
वेणी घालणं जमेना म्हणून केस कापले,
तर सगळे म्हणाले, अय्या, किती स्मार्ट दिसता!

नसीमआपांनी जॉर्जेट परत नेलं.
सुती दे, मलमल दे, काहीपण दे,
आतून स्टोव्ह पेटतो गं.
रात्री दोनला गॅलरीत जाऊन उभी राहते.
समोरच्या बिल्डिंगमध्येही एक उभी असते.
ओळख नाही, पण
हात करतो आम्ही एकमेकींना.

लेलेबाईंचे परकर फक्त काळे, नाहीतर कॉफी.
सहा एकदम.
मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं
दोरा निवडता निवडता:
शिंक आली की थोडं, हसू आलं की जास्त.
हास्यक्लब सोडला म्हणे.
यावर आम्ही दोघी हसलो
आणि त्यांनी घाईनं पाय जुळवले.

कांबळे सिस्टरांची पिशवी काढली.
उरल्या कापडाची भाजीला पिशवी शिवून मागितली त्यांनी.
ती गेली, म्हणाल्या, ही तरी दे.

आणि इंदुमती.
डावीकडे टेप सपाट गेली.
मी आकडा लिहिला नाही.
रात्री बसून अस्तराची गोल गादी शिवली,
कापूस हलका पडला, ब्लाउज त्या बाजूनं वर सरकायचा,
मग मोहरी भरली, खालच्या किराणावाल्याच्या काट्यावर तोलून,
पावणेदोनशे ग्रॅम. उजवीएवढी.
चुकून फोडणीला घेतली तर गं, ती म्हणाली,
आणि रडली नाही.
मी रडले.

माझं माप कुठल्याच वहीत नव्हतं.
जुना ब्लाउज ठेवायचा, त्यावरून कापायचं.
दिवाळीआधी शिवला तो पुढे लोंबला, मागे वर चढला.
कापडाला नावं ठेवली.
दुसराही तसाच.
मग हाताखालच्या तेजस्वीला म्हटलं, घे टेप.
पाठ साडेचौदा. पुढे साडेबारा.
काकू, परत घेऊ?
परत घेतलं. तेच.

अशी पाठ मला दुकानाच्या दारातूनच कळते,
हिचं मागे वाढवायचं, पुढे कमी करायचं.
पण त्या सगळ्या सत्तरीच्या.
मी चोपन्न.
गेल्या वर्षी मनगट मोडलं
ते पडून नव्हे, बादली उचलताना.
पडले असंच सांगितलं होतं सगळ्यांना.
पडणं सांगायला बरं असतं.

शिवणीत जादा कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो.
उद्या उसवून वाढवायची वेळ आली तर असावी आत.
सगळ्यांच्या ब्लाउजात मी इंचभर ठेवत आले.
माझ्यात पाव. कापड वाचावं म्हणून.
तेजस्वीनं नवा कापायला घेतला तेव्हा म्हटलं, अर्धा पुरे.
ती काही बोलली नाही,
खडूची रेघ सरळ इंचावर ओढली.

मंगळवारी शटर ओढून त्याच खडूनं लिहिलं:
दुकान बंद. घरगुती कारण.
दोन पायऱ्या उतरले, परत चढले,
पदरानं पुसलं.
लिहिलं: हाडं तपासायला गेले आहे.
स्वारगेटजवळ. दुपारी येते.

दोनला आले तर पायरीवर तिघी.
दुर्वेबाई, लेलेबाई आणि एक अनोळखी,
कोणाच्याच हातात ब्लाउजपीस नाही.
अनोळखी सरकून मला जागा करत म्हणाली,
किती घेतात हो?
आणि कपडे काढावे लागतात का?