पालथे हात

जन्मली तेव्हा तिचे दोन्ही तळवे जमिनीकडे होते.
सुईण म्हणाली, झोपेत आहेत, उलगडतील.

चौथं लागलं तरी खोंगोरझुल
चहाची वाटी हाताच्या पाठीनं दाबून उचलायची,
खांदा पुढे, कोपर आभाळात,
मिठाचा चहा थेट बाहीत.
"दे" म्हटलं की द्यायची.
"घे" म्हटलं की अडायचं.
ओंजळ म्हणजे काय ते तिला
दुसऱ्यांच्या हातांवरच दाखवावं लागे.

त्सागान सारच्या सकाळी, वर्ष नवं होताना,
आमच्यात धाकट्यानं तळवे वर करून
थोरल्याच्या कोपरांना खालून आधार द्यायचा,
थोरल्यानं आपले हात त्यावर पालथे ठेवायचे.
लुवसानदोर्ज आजोबा, एक्याऐंशीचे,
तिच्यापुढे वाकले,
स्वतःचे तळवे उताणे करून तिच्या कोपरांखाली घातले.
"थोरल्या बाई, अमर बैना ऊ?"
सगळं नमद्याचं घर हसलं. मीही.
मग उगाच उठून चुलीत कोळसा घातला.

उलानबातरला डॉक्टर तुयात्सेत्सेगनी
फोटो उजेडाला धरला.
कोपरापाशी दोन हाडं, मधे रेघच नाही.
पोटात असतानाच वेगळी व्हायची राहून गेलेली.
कापून सुटी करता येतील?
"येतील. पुन्हा चिकटतील."

मी गिरणीत लोकर निवडते.
राठ केसांतून मऊ काढायची, बावीस वर्षं.
गुंतलेलं सुटतं, हे मला हातानं माहीत होतं.

"मी कापीन, फिरवीन, आणि पुन्हा जुळू देईन.
हात वळणार नाही, बाई.
फक्त कुठं थांबायचं, ते आपण ठरवू."

उजवा राहू दे, लिहायला बरा.
डाव्यासाठी त्यांनी आपलाच तळवा हळूहळू उताणा केला
आणि तिरका थांबवला.
मी म्हटलं, अजून थोडा.
"जास्त फिरवला तर नस ताणते."
तरी अजून थोडा.
भिंतीवरची चौकट सरळ करावी
तसा आम्ही दोघी
तिच्या जन्माचा हात लावत होतो.

बाहेर उणे एकतीस. धुरानं पिवळी खिडकी.
आत तीन तास, दोन तारा, अर्धं प्लास्टर.
मग रात्र.
दर तासाला नर्स नख दाबायची, सोडायची,
गुलाबी परत येतंय का बघायची.
अंगठा वर कर. बोटं पसर.
तीन वाजता करंगळी हलेना.
डॉक्टर बर्फाच्या बुटांसकट आल्या,
कात्रीनं पट्ट्या वरपासून खालपर्यंत उघडल्या,
आणि कुणीच काही बोललं नाही.
चार वीसला हलली.
माशी बसल्यावर मेंढीचा कान हलतो, तेवढीच.

प्लास्टर निघालं तेव्हा हात काडीसारखा, सोललेला.
तिनं तळव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
जणू मी लपवून ठेवलं होतं.
"याच्यावर रेषा आहेत."
त्या दिवशी त्या तळव्यावर काय काय ठेवलं गेलं!
बटण, बर्फ, माझी अंगठी, कुत्र्याचं ओलं नाक.
बर्फ वितळून गेला तरी ती हात हलवेना.

यंदा आजोबा सवयीनंच वाकले, तळवे वर.
ती थबकली.
डावा हात त्यांच्या हाताखाली घातला, उजवा वर ठेवला.
म्हाताऱ्याला कळेना
कुठला काढायचा, कुठला ठेवायचा.
चार हात मधल्यामधे अडकले.
"अर्धीच थोरली उरलीस की."
"उजवीकडून आहे अजून," ती म्हणाली,
आणि डावा तळवा तसाच पुढे धरून राहिली,
कारण खाऊ अजून मिळायचा होता.