उरलेली हवा

नळी दातांत धरा. ओठ मिटा, फट नको.
आता श्वास आत, अजून आत, पूर्ण
आणि फुंका! फुंका फुंका फुंका
अजून अजून अजून
सोडू नका

दिवसातून तीस वेळा ओरडते मी असं
रास्ता पेठेत, दुसऱ्या मजल्यावर.
खालच्या रिक्षावाल्यांना वाटत असेल
वर कबड्डीची तालीम चालते.

आज अकराला सुदाम अवघडे, वय चौसष्ट.
व्यवसाय? फॉर्मवर लिहावं लागतं.
"क्लॅरिनेट," म्हणाले. "बँडमध्ये. एकेचाळीस लगीनसराया."
नाकाला चिमटा लावला तर हसू आलं त्यांना.

सगळ्यांना सांगते तेच सांगितलं:
फुप्फुस काही ओढत नाही, काका.
त्याला ओढायला स्नायूच नाहीत.
खालचा पडदा दोन बोटं उतरतो,
फासळ्या उचलतात बादलीच्या कडीसारख्या,
आत जागा होते,
आणि जागा झाली की हवा येते.
बोलवावं लागत नाही तिला.

"पडदा मला नका शिकवू.
वस्तादांनी सहा महिने वाद्य हातात दिलं नाही.
उताणं पाडायचे, पोटावर वीट.
वीट उठली की चहा."

मग पुढचं सांगा, म्हणाले. गळ्याखालचं.

एका नळीच्या दोन. उजवी जरा रुंद, जरा सरळ,
म्हणून चुकलेला शेंगदाणा बहुतेक उजवीकडेच सापडतो.
दोनाच्या चार, चाराच्या आठ, बोळातून बोळ,
तेविसाव्या फाट्याला बोळ संपतो
आणि उरतात नुसत्या खोल्या,
साबणाच्या फेसाएवढ्या, कोट्यवधी.
उलगडून अंथरल्या तर साडेसातशे चौरस फूट.

"कार्पेट?"

कार्पेट.

"धायरीत एवढ्याला आमचा जावई
वीस वर्षं हप्ते भरणार आहे,"
म्हणाले, आणि हसता हसता
खोकला लागला तो थांबेचना.
पाणी दिलं. खिडकी उघडली, मग रस्ता पाहून लावून घेतली.

त्या भिंतींपलीकडे रक्त, एकेक पेशी रांगेनं.
पाऊण सेकंद मिळतो तिला.
काम पाव सेकंदातच होतं,
उरलेला अर्धा राखीव,
जिना चढायला, बस पकडायला.
सुदामकाकांचा अर्धा कुठे गेला
ते मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं:
वरातीत क्लॅरिनेटची जागा
जनरेटरच्या गाडीमागे असते.

मग फुंकलं त्यांनी.
रेघ वर गेली आणि उतारावर पोटात वाकली,
दोरीवर ओला टॉवेल टाकल्यासारखी.
पहिल्या सेकंदाला एक पॉइंट एक लिटर.
मी अजून अजून म्हणत राहिले,
ते देत राहिले,
आठ सेकंद, अकरा, चौदा,
डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती.
पंधराला यंत्रच थांबलं.

"संपली का सगळी?"

नाही. कितीही फुंका, सव्वा लिटर आत राहतेच.
तुमच्यात जास्त असेल, अडकलेली.
हे यंत्र ती मोजत नाही,
बाहेर येते तेवढंच त्याला कळतं.

"राहते कशाला?"

नाही राहिली तर फेस एकमेकांना चिकटेल.
पुन्हा उघडताना जीव जाईल.

बराच वेळ बोलले नाहीत.
"म्हणजे दम संपला म्हणून सूर सोडायचो," म्हणाले,
"तेव्हा खाली होतीच की हवा."

ती वाजवायला नव्हती, काका.

"तसं नाही. होती, एवढंच म्हणतोय."

पुठ्ठ्याची नळी कुठे टाकू, विचारलं.
पिवळ्या पिशवीत, म्हटलं.
त्यांनी आधी तिच्यावर बोटं ठेवून पाहिली,
जिथे भोकं असायला हवी होती तिथे,
आणि टाकली.