बाकी निरंक

नोव्हेंबरात आम्ही जिवंत आहोत हे सांगायला येतो.
खडकी बाजारातली बँक, साडेनऊपासून रांग,
प्लास्टिकच्या पिशवीत पेन्शनची फाइल
आणि उभं राहण्याची जुनी खोड: टाचेला टाच.

"काका, अंगठा नीट दाबा."
दाबतो.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
मुलगी चुणचुणीत आहे, ओला रुमाल पुढे करते.
"रेषा पार पुसल्यात हो. शेती करायचात का?"

तसं म्हटलं तर, हो.
एका हिवाळ्यात वाळूत ओळीनं पेरलं,
दोरी धरून, पावलं मोजून,
कुठल्या ओळीत किती, सगळं वहीत.
लढाई झालीच नाही.
दहा महिन्यांनी हुकूम आला: काढा.
वाळू हुकूम मानत नाही, रात्रीत सरकते,
वहीतली ओळ एकीकडे, जमिनीतली भलतीकडे.
पोटावर पडून, सळई तिरकी धरून
वीत वीत जमिनीला विचारत जायचं,
आहेस का? आहेस का?
लागलं की माती बोटांनी बाजूला,
पोराच्या डोळ्यातलं कुसळ काढावं तशी.
हातमोज्यातून कळत नाही.
म्हणून अंगठा उघडा.

शेवटच्या दिवशी एक कमी.
साहेबांनी तीनदा बेरीज केली, मी दोनदा.
चहा आला, गार झाला, वर वाळूची साय.
चार वाजून दहा मिनिटांनी
इब्राहिम मुजावरला ती सापडली,
तपासून झालेल्या पट्ट्यात, परतताना,
डाव्या पायाला.
मी मांडीला पट्टा आवळत होतो
आणि तो विचारत होता, "धुमाळ, बूट कुठाय?
स्टोअरला जमा करायचाय."
संध्याकाळी वहीत लिहिलं गेलं: बाकी निरंक.
अक्षर माझंच आहे.

"दुसरं बोट बघू या का, काका?"
नाव विचारते. निवृत्ती, म्हणतो.
नाव विचारलंय, ती म्हणते.
पलटणीत यावर सतरा वर्षं हसले.

मुजावर रांगेत माझ्या पुढे होता,
त्याचा अंगठा पहिल्याच खेपेला लागला.
आता बाकड्यावर बसून
फायबरचा घोटा खाजवतोय, अजूनही खाजतो म्हणतो.
"मेला असशील तर सांग रे,
वहिनींना कळवतो, म्हणजे जेवणाला थांबायच्या नाहीत."

अनामिका लागते. हिरवा दिवा.
एक चिठ्ठी बाहेर येते, माझ्या नावाची.

दुपारी त्याला वानवडीला पायाचं माप द्यायचंय,
जुना पाय खोबणीत सैल झालाय.
थांब्याच्या अलीकडे रस्ता पुन्हा खणलाय,
केबलवाल्यांनी माती नुसती वर लोटलीय,
ओली, नवी.
त्यावरून सगळे चाललेत, दप्तरवाली पोरं, स्कूटर,
मेथीची पाटी घेतलेली बाई.

आम्ही दोघं थांबतो.
एकमेकांकडे बघत नाही.
मग काही न बोलता
पलीकडच्या फुटपाथनं, लांबून,
वळसा घालतो.

बस चुकते.