गोतासकट

कार्ड हैदराबादचं. कोठीच्या बाजारातून केरबामामानं
वसमतपर्यंत मांडीवर धरून आणलेलं,
अंड्यांचा ट्रे आणावा तसं.
पट्टीवर इलियासभाईच्या अक्षरात मार्करनं: केबल २.
आणलं आणि तसंच राहिलं. त्याच वर्षी
लोकांनी पत्र्यांवर छत्र्या लावल्या.

ते फक्त जुन्या विंडोजशी बोलतं.
म्हणून नव्या मशीनच्या पोटात मी एक जुनं मशीन मांडलं:
पाचशे बारा एमबी, निळं आभाळ, हिरवी टेकडी,
घड्याळ मागं नेऊन ठेवलेलं दोन हजार चारवर.
त्याला ठाऊक नाही आपण कुणाच्या पोटात आहोत.
त्याला वाटतं, आपलं खोकं आहे, आपला पंखा आहे.

यजमान आणि पाहुणा, असंच म्हणतात या दोघांना.
आणि पाहुण्याला कार्ड दिसत नव्हतं.
तीन रात्री.

यजमान सोडेचना.
मशीन सुरू झालं की पहिला हात त्याचा,
आपला ड्रायव्हर टाकून बसायचा कार्डावर,
जेवायला बोलवावं आणि ताट
आपल्याच मांडीवर घ्यावं, तसा.
एका फाईलीत एका ओळीत मी त्याला लिहून दिलं:
हे तुझं नाही. हात लावू नको.

मग नवंच निघालं.
हे कार्ड एकटं जात नाही.
बोर्डावर ज्या गोतात बसलंय
ते गोत सगळं द्यावं लागतं, साउंडसकट.
मला हसू आलं. आमच्यात एका जावयाला आवतण दिलं
की टेम्पो भरून भावकी उतरते.
दिलं. सगळं दिलं.
यजमान मुका झाला, साधी टिकसुद्धा वाजेना बाहेर.
आणि रात्री दीडला आतून घंटी आली:
नवीन हार्डवेअर सापडलं.

व्हीसीआरला कॅसेट दिली. आधी काळं. मग मुंग्या.
मग मामा.
काळा-पांढरा मामा, टेबलामागं, हातात मोंढ्याची चिठ्ठी:
हळद कांडी, दोन हजार तीनशे.
हळद गट्टू, एकवीसशे.
मूग, आवक नाही.
रोज संध्याकाळी सातला आख्खं गाव हे ऐकायचं
आणि मग भाकरी टाकायचं.

रंग का नाही, ते शोधायला अर्धा तास गेला.
कार्ड स्वतःला अमेरिकेत समजत होतं.
यादीतून पाल निवडलं,
आणि मामाच्या मागचा पडदा
डाळिंबी झाला.

आमच्या घरी तेव्हा काळा-पांढरा टीव्ही.
तो पडदा मला जन्मभर राखाडीच ठाऊक.
थांबवलं. जवळ जाऊन पाहिलं.
जरीचे काठ. कोपऱ्यात कोयऱ्या.
चार टाचण्यांनी भिंतीला ठोकलेला
थोरल्या मामीचा लग्नातला शालू.

हाच शालू हरवला म्हणून
धाकट्या मामीची पेटी उचकली होती सगळ्यांसमोर,
आणि ती दुसऱ्या दिवशी
पोरांना घेऊन औंढ्याला गेली ती गेलीच.
वीस वर्षं झाली. मयतीलाही आली नाही.
आणि हा इथं तोंडावरची माशी हलू न देता
शालूपुढं बसून ज्वारीचा भाव वाचतोय.

विसरला असेल. इलियासभाईनं लावला असेल,
त्याला काय माहीत शालू कुणाचा.
किंवा मामाला पहिल्या रात्रीच कळलं असेल
आणि तोवर पेटी उचकून झाली असेल.
गावातल्या रंगीत टीव्हीवाल्यांना दिसलाच असणार.
त्यांना तरी कुठं माहीत होतं, शोध चाललाय म्हणून?
थोरली मामी सातला नेहमी चुलीपुढं.

शेवटी तो चिठ्ठी घडी करतो, चष्मा काढतो,
सरळ माझ्याकडं बघतो:
चित्र स्वच्छ येत नसेल त्यांनी दुकानावर निरोप द्यावा.

येतंय, मामा.

फाईल अजून आतच आहे, पाहुण्याकडं.
बाहेर आणायची तर दोघांत एक फोल्डर सामाईक करावं लागतं;
दोन मिनिटांचं काम.
औंढ्याची पहिली गाडी सव्वासातला आहे.
मी पेन ड्राइव्ह शोधतेय.