बैलाला आठ नाल

वरखेडीच्या गुरांच्या बाजारात, निंबाखाली,
खैऱ्याला आडवा पाडलाय.
चारी पाय एका कासऱ्यात,
शिंगापाशी गुडघा रोवून झिपरू अण्णा.
मुनाफ नालबंद खुराशी असा वाकलाय
की कुणाचं गिचमिड पत्र वाचतोय.

मी दवाखान्यातली, नवी.
परभणीला बरणीत पाहिलेला पाय मला पाठ आहे:
तीन हाडं या नखीत, तीन त्या नखीत,
शेवटचं खुराच्या टोपणात बसलेलं,
टाचेखाली चरबीची उशी.
तिथे वास फॉर्मलिनचा होता.
इथे शेण, घाम, खरवडलेलं शिंग.

"ताई, घोडाले एक, बैलले दोन.
घोडा एक बोटवर पयस.
हाऊ दोन बोटंसवर चालस, म्हनीसन हयू."

मी पंजा उघडून दाखवते:
अंगठा कधीच गेला.
मधलं आणि करंगळीशेजारचं, एवढी दोन जमिनीवर.
उरलेली दोन वर सरकली,
ती ही, मागे लोंबणारी बोंडं.
डुकराची अजून चिखलात उमटतात,
शेळीची घसरणीवर टेकतात.
"आन बैलनी?" मुनाफच विचारतो, मुनाफच सांगतो,
"वर बशीसन देखतस. मना धाकला भाऊना मायक."

मग तो गप्प. ओठांत खिळे.
मागच्या पायात बाहेरची नखी जास्त ओझं घेते,
हे माझ्या पुस्तकात आहे.
तो अंगठ्याने दाबतो आणि तिथेच थांबतो.
पांढरी रेघ ओलांडली की आत जिवंत मांस;
रेघेकडे तो बघतसुद्धा नाही,
हातोडीचा आवाज मऊ झाला की
खिळा उपसून पुन्हा लावतो.

बेचक्यातून निघतं पऱ्हाटीचं थोटूक,
करंगळीएवढं,
भोवती काळी माती, आवळलेली.
आतली कातडी बाळाच्या मानेसारखी.
खैऱ्या डोळे फिरवतो.
माझं आयोडीन की त्याचं निंबाचं तेल,
यावर थोडी हुज्जत.
दोन्ही लावतो.

कासरा सुटतो. खैऱ्या धडपडत उठतो,
पाय टेकवतो, उचलतो, परत टेकवतो.
ओझं येताच दोन्ही नख्या जरा लांब होतात,
बाकावर कुणाला जागा करून द्यावी तशा,
आणि मध्ये आता कुणी नाही.

झिपरू अण्णा दरसालसारखाच मोजतो:
"पाय चार, मंग नाल आठना पैसा कसा रे?"
मुनाफच्या ओठांत अजून एक खिळा आहे.
तो बोलत नाही,
नुसती दोन बोटं वर करतो.