त्रेपन्न

परळच्या तळघरात, ब्लॉक नंबर चार हजार एकशे सात.
मेणात बसवलेला चरबीच्या पदराचा तुकडा, नखाएवढा.
फॉर्मवर: एस्थर नवगांवकर, एकाहत्तर, नागपाडा.
पोटात पाणी.
दोन्ही अंडाशय साधे, सुरकुतलेले, निर्दोष.
आजार आतल्या अस्तराला;
पातेलं शाबूत, आणि कल्हईलाच काही व्हावं, तसा.

मी मायक्रोटोमचं चाक फिरवते.
चार मायक्रॉनची फीत कोमट पाण्यावर उतरते,
तिच्यापुढे दुधाची साय म्हणजे गोधडी.
श्वास रोखून काचेवर उचलते. असा काही नियम नाही.

रिपोर्टात पी त्रेपन्न. आम्ही नुसतं त्रेपन्न म्हणतो.
त्रेपन्न लावलंस का, त्रेपन्न आलं का,
जसं काही बेस्टची बस.
त्या प्रथिनाचं काम एवढंच:
पेशी एकीची दोन व्हायच्या आधी
तिची कागदपत्रं चाळायची,
खाडाखोड दिसली की म्हणायचं, थांब.
दुरुस्त कर. नाही जमत तर मर, गुपचूप.

बिघडलेलं त्रेपन्न बहुतेकदा साचून राहतं.
केंद्रकामागून केंद्रक गडद तपकिरी,
सगळ्या गेटांवर वॉचमन
आणि सगळे उभ्या उभ्या झोपलेले.
ते मला ओळखता येतं.

हिची काच निळी आली.
नुसती निळी.
वाटलं, अँटिबॉडी घालायलाच विसरले;
सकाळपासून पंपवाल्याशी भांडण चाललं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं.
पुन्हा लावलं. पुन्हा निळी.
पण कडेला, एका बारक्या रक्तवाहिनीच्या भिंतीत
चार-दोन निरोगी पेशी,
धुतलेल्या कपावर राहिलेल्या चहाइतक्या तपकिरी.
म्हणजे रंग बरोबर. म्हणजे माझा हातही.
तळपदे मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला.
"लिही. अजिबात नाही, असंच लिही."

शुक्रवारी दुपारी बाई स्वतः आल्या रिपोर्ट न्यायला.
मी सहसा वर जात नाही.
तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात होते, त्यांनीच सुरू केलं,
ट्रंक कॉल जोडायचे.
"तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचं.
लोक रडत असायचे गं. तरी बोलायचं."
आणि कानाशी हात नेला,
तिथं अजून काही अडकवलेलं असल्यासारखा.

"तू कुठं असतेस?"
"खाली. काचांना रंग लावते."
"मग? लागला माझा?"

डॉक्टर सांगतील, म्हटलं.
त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
पाकीट न उघडता पिशवीत सरकवलं,
काळ्या मनुकांच्या पुड्याशेजारी.
शब्बाथच्या शरबताला लागतात, म्हणाल्या,
भिजायला वेळ घेतात,
निघते.